गोधडीच्या पिशव्या घेऊन

गोधडी शिवायची कार्यशाळा ठरली की आठवडाभर आधीपासून फोन सुरू होतात आणि बहुतेक सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "ताई, कापड कुठलं विकत आणू?" मी सांगते, काहीही विकत आणू नका. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बोहारणीला द्यायचं म्हणून बाजूला काढलेलं गाठोडं असेल, ते सोडवूसुद्धा नका, तसंच उचलून आणा. "म्हणजे जुनं?" हो, जुनंच. मग पलीकडून थोडा संशयाचा सूर लागतो. पैसे भरून वर्ग लावायचा आणि चिंध्या घेऊन जायचं, हे शहरातल्या बायकांना चटकन पटत नाही.

मी राहते साताऱ्यात आणि शिकवायला फिरते पुणे, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, बोलावतील तिथे. सुई हातात आली ती आजीमुळे. पण तिनं मला कधी 'शिकवलं' असं आठवत नाही. ती वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी, अंथरून बसायची, मी एका कोपऱ्याला टाके घालायचे, आणि वाकडे गेले की ती न बोलता उसवायची. शिकवणं हा धंदा मी पुष्कळ उशिरा, मुलं मार्गी लागल्यावर सुरू केला. तेव्हा लक्षात आलं की टाका शिकवायला अर्धा तास पुरतो. धावदोरा कुणालाही येतो. वेळ जातो तो कापड ओळखायला.

माझ्या पिशवीत दोन कात्र्या असतात. कापडाच्या कात्रीनं कुणी कागद कापला तर मी त्या बाईकडे दिवसभर नीट बघत नाही, हे माझ्या जुन्या विद्यार्थिनींना ठाऊक आहे. मग बोटात घालायची अंगुस्तानं, मेणाचा गोळा, टाचण्या, सुयांची पाकिटं, रिळं आणि काडेपेटी. ही काडेपेटी पाहून एका सभागृहाच्या व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की नेमकं काय करणार आहात.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझं गणित थोडं सुधारलं. खेड्यातल्या बचत गटाला माझ्या येण्याजाण्याचा खर्च जड व्हायचा, तो निम्म्यावर आला. लांबचं असेल तर कोयना एक्सप्रेस. गाडीत टाके घालता येतात, हा रेल्वेचा मोठा फायदा. एसटीत खंबाटकी घाट लागला की सुई ओवणं विसरायचं. म्हणून घरून निघतानाच डझनभर सुया ओवून एका कापडाच्या तुकड्यावर टोचून ठेवते. बायकांच्या डब्यात गोधडी मांडीवर घेतली की ओळख करून घ्यावी लागत नाही. कराड येईपर्यंत शेजारची बाई दुसरं टोक धरून बसलेली असते आणि तिच्या सासूच्या हातचा टाका कसा मोत्यासारखा होता ते सांगत असते. सासूचं कौतुक सुनेच्या तोंडून मी सगळ्यात जास्त गोधडीच्याच निमित्तानं ऐकलंय.

वर्ग सुरू झाला की पहिला तास सुई कुणाच्या हातात देत नाही. सतरंजीवर सगळ्यांची गाठोडी सोडायची. साड्या, ओढण्या, सुती परकर, नवऱ्यांचे सदरे, उशीचे अभ्रे, एखादा खणाचा तुकडा, क्वचित इरकल. ढीग झाला की एकेक कापड उचलायचं, उजेडाकडे धरायचं, दोन्ही हातांनी ताणायचं. विरलेलं कापड उजेडात जाळीसारखं दिसतं. ते थरांत चालतं, वर चालत नाही. नंतर पाण्याचा थेंब. सुती कापड थेंब पिऊन टाकतं, पॉलिएस्टरवर तो तसाच बसून राहतो. आणि तरीही शंका असेल तर काडेपेटी. कडेचे दोन-चार धागे काढून पेटवायचे. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो, बोटांनी चोळलं की राखेची पूड होते. नायलॉन-पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. हा मणी हातात आला की खोलीत हमखास कुणाचा तरी चेहरा पडतो.

कारण गाठोड्यात सर्वांत वर असते ती आईची साडी. गेलेल्या आईची, बहुतेक वेळा. साठ-सत्तरच्या दशकांपासून आपल्याकडे नायलॉन आलं, मागोमाग टेरिकॉट, पॉलिएस्टर. धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट नाही, लवकर वाळतं. नोकरी करून घर चालवणाऱ्या बायकांनी ते आनंदानं घेतलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांच्या मुलींना आता त्याच साड्यांची गोधडी हवी असते. ती गोधडी अंगावर घेतली की घाम येतो, थर एकमेकांवरून घसरतात, टाका बसतो पण धरत नाही. आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. लुगडं मधोमध विरलं की दंड घालायचे, म्हणजे विरलेला भाग काढून चांगले तुकडे जोडायचे आणि तेच पुन्हा नेसायचं. दंडाचं लुगडंही फाटायला आलं की मग वाकळेत. तोवर ते इतकं धुतलेलं असायचं की सुई त्यातून आपोआप जायची.

पुण्यात एकदा एक तरुण मुलगी आईच्या पाच साड्या घेऊन आली होती. पाचही जॉर्जेट. मी धागा जाळून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मग यातलं काहीच नाही का चालणार?" अशा वेळी मी जे करते ते पारंपरिक नाही, पण चालतं. आतले सगळे थर सुती घ्यायचे, कुणाचेही, शेजारणीच्या गाठोड्यातले असले तरी. जॉर्जेटचे अरुंद पट्टे काढायचे, कडा दुमडून ते फक्त वरच्या बाजूला लावायचे, तेही एकमेकांपासून लांब. अंगाला लागते ती खालची सुती बाजू, दिसतात ते आईचे रंग. ती मुलगी कापायला मात्र तयार नव्हती. कात्री हातात घेऊन बसली आणि बसूनच राहिली. मी अशा वेळी काही बोलत नाही. शेजारी बसलेल्या एका काकूंनी तिच्याकडून साडी घेतली, काठाला दातानं एक खाच पाडली आणि सरळ टर्रकन फाडली. जॉर्जेट असं सरळ फाटत नाही, तीही तिरकी गेली. सगळ्या हसल्या, मुलगीही हसली, आणि मग कात्री चालू झाली.

नव्या कापडाला माझा एवढा विरोध का, हे दुपारी थर मांडायला घेतले की आपोआप कळतं. दुकानातल्या सुती कापडात खळ असते, पहिल्या धुण्यात ते आटतं. जुनं कापड जेवढं आटायचं तेवढं आटून मोकळं झालेलं असतं. दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यानंतर नवं आवळतं आणि जुनं फुगून वर येतं. शिवाय नवं कापड ताठ. गोधडी आपल्याकडे कडेपासून आत शिवत येतात, चौकोनात चौकोन करत. त्यामुळे थरांतलं जे काही ढिलं असेल ते टाक्यांबरोबर आत आत सरकत मधोमध येतं. जुन्या मऊ सुतात ते टाक्या-टाक्यात जिरून जातं. नव्या कापडात जिरत नाही, मध्ये फुगा धरतो. परदेशी पद्धतीनं क्विल्टिंग शिकून आलेल्या बायका मला सांगतात की त्या मधून सुरू करून बाहेर जातात. बरोबरच आहे. त्यांच्या क्विल्टच्या पोटात कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा जाड थर असतो, तो बाहेर ढकलत न्यावा लागतो, आणि कडा शेवटी वेगळी पट्टी लावून बांधतात. आपली कडा पहिल्याच फेरीत दुमडून बंद होते.

थर मांडायचं गणित मी फळ्यावर मांडते, कारण बायकांना त्याची भीती वाटते. नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिच्या चार घड्या घातल्या की एका माणसाच्या गोधडीचे चार थर झाले, रुंदी साधारण पावणेचार फूट. सहावारी साडेपाच मीटर, तिचे तीन थर. कोकणात तीन-चार थर पुष्कळ होतात, महाबळेश्वरकडची मंडळी सहाच्या खाली ऐकत नाहीत. रजईची गोष्ट निराळी, तिच्यात कापूस भरतात. पिंजारी पिंजण घेऊन दारावर यायचे ते त्यासाठी. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापड एवढंच.

आता टाके. ४५ इंच रुंद आणि ७२ इंच लांब गोधडी, ओळींमध्ये पाऊण इंच अंतर धरलं तर शिवणीची लांबी होते एकशे दहा मीटर. इंचाला चार टाके म्हणजे सतरा हजारांच्या वर. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात शांतता होते. शनिवार-रविवारच्या वर्गात मोठी गोधडी होत नाही ती म्हणूनच. आम्ही बाळाचं दुपटं करतो, ३६ इंच चौरस, तीन थर. त्याचेही सात हजारांच्या आसपास टाके होतात. नवशिकी बाई मिनिटाला दहा टाके घालते असं धरलं तरी अकरा-साडेअकरा तास. रविवारी संध्याकाळी बहुतेकींचं मधलं वीतभर उरलेलं असतं, ते घरी जाऊन पुरं करायचं.

थर सतरंजीवर पसरून चारही बाजूंनी ताणायचे, मग थर हलू नयेत म्हणून वीतभर अंतरावर आडवा-उभा कच्चा दोरा. हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्या तो टाळू बघतात. मी टाळू देत नाही. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून एकदा ओढायचा, गाठ थरांच्या आत लपवायची. डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला हलकं लागलं की समजायचं, सगळे थर घेतले. अंगुस्तान त्या बोटात घालायचं का, यावर दर वर्गात वाद होतो. माझं मत असं की उजव्या हाताच्या मधल्या बोटात घाला, डावं बोट उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी ते दुखतं, चार-सहा दिवसांत तिथली कातडी घट्ट होते. मोठी वाकळ जमिनीवर अंथरून शिवतात तेव्हा हे बोटाचं काम जमीन करते. पण फरशीवर सुईचं टोक लवकर बोथट होतं, खाली जाड सतरंजी हवी.

पुरुषही येतात अधूनमधून. एक निवृत्त शिक्षक आले होते, बायकोला सोडायला म्हणून, आणि दाराशी घुटमळत राहिले. मी म्हटलं, बसा सर. त्यांचा टाका वर्गात सगळ्यांत सारखा पडला. फळ्यावर सरळ रेषेत लिहिण्याची सवय, ते म्हणाले. बायको दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

मध्ये एका संस्थेनं माझा वर्ग ठेवला होता. तीस-पस्तीस बायका, चोख व्यवस्था, जेवणात पुरणपोळी. समारोपाला मानधनाचं पाकीट येईल अशी माझी समजूत. आलं शाल-श्रीफळ. शाल अंगावर पडताच बोटांना कळलं, पॉलिएस्टर. काडेपेटी पिशवीतच होती, पण व्यासपीठावर होते म्हणून गप्प बसले. तेव्हापासून मानधन आधी विचारते, फोनवरच, संकोच न करता.

दोन वर्षांपूर्वी मी शिकवायला नाही तर बघायला म्हणून हल्याळकडे गेले होते. कर्नाटकच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातलं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हा सिद्दी लोकांचा भाग. पूर्व आफ्रिकेतून शतकांपूर्वी गोव्याच्या पोर्तुगीजांनी आणि दख्खनच्या दरबारांनी आणलेल्या माणसांचे हे वंशज. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. साताऱ्याहून बेळगाव, बेळगावहून धारवाड, तिथून हल्याळची बस. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं ते तिथल्या रहिवाशांनाच. माझं आधार कार्ड महाराष्ट्राचं निघाल्यावर कंडक्टरनं पूर्ण पैसे घेतले आणि शेजारच्या आजी माझ्याकडे फार कीव येऊन बघत राहिल्या.

भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं. आली नाही. त्यांची कोंकणी आणि माझी मराठी निम्म्या वाटेवर भेटायच्या, उरलेलं हातानं. त्यांची पद्धत बघून मी चाट पडले. कच्चा दोरा नाही, टाचणी नाही, आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करणं नाही. जुनी साडी पायासाठी अंथरायची, कडेपासून सुरुवात करायची, तुकडा उचलायचा, बोटानं कड दुमडायची, ठेवायचा आणि धावदोऱ्यानं थेट सगळ्या थरांतून शिवत जायचं. तुकडे जोडणं आणि गोधडी शिवणं एकाच टाक्यात. त्याही कडेकडून आतच येतात, मध्यावर संपवतात. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या रंगीत तुकड्यांची फुलं लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी उघडीबोडकी दिसते, असं त्यांचं म्हणणं. रंग निवडताना एकही बाई थांबून विचार करताना दिसली नाही. हाताला लागेल तो तुकडा उचलायच्या आणि तो तिथे शोभायचा. मी तुकडे तीनदा मांडून तीनदा बदलते. हे त्यांनी बघितलं असतं तर माझी कीव केली असती, बसमधल्या आजींसारखी.

परतल्यावर वर्गात मी कवंदीची पद्धत दाखवते, कुणाची आहे ते सांगून दाखवते. फुला मात्र आमच्या विक्रीच्या गोधड्यांना लावू देत नाही. पुण्यातल्या एका बाईंना हा हट्ट वाटला. त्या म्हणाल्या, टाका काय कुणाच्या मालकीचा असतो? टाका नसतो. पण ती कवंदी विकून त्या बायकांना चार पैसे मिळतात, आणि बाजारात त्यांचं कोपऱ्याचं फूल आमच्या नावानं फिरू लागलं तर तेही जातील. मला हे पुरेसं कारण वाटतं.

खेड्यातल्या बचत गटात गेलं की चित्र उलटं होतं. कोल्हापूरकडच्या एका गावात मी सुया वाटायला घेतल्या तर एक आक्का म्हणाल्या, "ह्यात काय शिकवायचं गं बाई? वाकळ तर आमी जन्मल्यापास्नं शिवतूय." खरं होतं. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक होता. तिथे मी सुया परत पिशवीत टाकल्या आणि मोजपट्टी काढली. विकायची वाकळ एका मापाची हवी, चारही कोपरे काटकोनात हवेत, लाल-मरून कापड आधी वेगळं भिजवून रंग जातो का बघायला हवं, आणि आत टेरिकॉट घातलं तर ते सांगून विकायला हवं. हे सगळं त्यांनी पटापट घेतलं. घोडं अडलं किमतीपाशी.

"वाकळ कितीला देता?" 

"पाश्शे. लईच झालं तर साश्शे."

"एक व्हायला किती दिवस लागतात?"

घरचं सांभाळून पंधरा-वीस दिवस, असं उत्तर आलं. मी म्हटलं, तसं नको, नुसती शिवत बसलात तर? चार-पाच दिवस. शेतात भांगलायला गेलात तर दिवसाचे किती मिळतात? तीनशे. मग फळ्यावर मी काही लिहिलंच नाही. मागं बसलेल्या एका मुलीनं मनात गुणाकार केला आणि मोठ्यानं आकडा सांगितला. आक्का म्हणाल्या, "पर कापड तर जुनंच हाय की. त्याला कुटं पैसं पडलं?" दिवसभरातला सगळ्यात मोठा वाद तिथून सुरू झाला आणि चहा होऊन गेला तरी संपला नाही. घरात बसून केलेल्या कामाला मजुरी लावायची असते, हे काही जणींना शेवटपर्यंत विचित्र वाटत राहिलं. एकीनं तर विचारलं, मग स्वयंपाकाचं काय? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि वेळही नव्हता, शेवटची एसटी साडेपाचची होती.

त्यांनी नंतर जिल्ह्याच्या प्रदर्शनात वाकळी नेल्या. दोन हजार सांगितले, घासाघीस होऊन दीड हजाराच्या आसपास गेल्या. दोन परत आल्या. "जुन्या कापडाची आहे ना?" असं नाक मुरडून एक गिऱ्हाईक निघून गेलं, तर गुणाकार करणाऱ्या मुलीनं त्याला थांबवून धाग्याचा जळका मणी आणि सुताची राख, दोन्ही दाखवलं म्हणे. गिऱ्हाईकानं घेतली नाहीच. पण शेजारच्या स्टॉलवाल्या बाईंनी घेतली.

ती मुलगी आता शेजारच्या गावांतून शिकवायला जाते. मध्यंतरी तिचा फोन आला, ताई, पहिल्यांदाच तालुक्याला बोलावलंय, मानधन किती सांगू? मी माझा आकडा सांगितला. ती जरा थांबली आणि म्हणाली, "येवढंच? आवो, तुम्ही वाढवा की, मग मलाबी जास्त सांगता यील."

वाढवलं.